रस्ता कागदावर असतानाच

नमस्कार श्रोतेहो. आज रस्त्यांबद्दल बोलायचंय, पण खड्ड्यांबद्दल नाही. खड्डा निदान दिसतो. आराखड्यातच राहून गेलेली चूक दिसत नाही.

ती शोधायला सॉफ्टवेअर आहेत. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाचं ‘आयएचएसडीएम’ त्यातलंच, आणि ते फुकट मिळतं. वळणं, चढउतार, रुंदी, वाहतूक भरा. अपघात कुठे जास्त होतील याचा अंदाज ते देतं. दोन पदरी रस्त्यावर सरळ भागातला वेग आणि पुढच्या वळणावरचा वेग यांत ताशी २० किलोमीटरहून जास्त तफावत आली, की तिथे खूण करतं. तेही रस्ता कागदावर असतानाच. पुन्हा सांगतो, कागदावर असतानाच.

मी अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतो. शिळफाट्याजवळच्या एका दोन पदरी रस्त्याची मापं मुलांनी त्यात भरली. एका वळणावर खूण आली. म्हटलं, चला, बघूनच येऊ. कडेच्या दगडांवर ओरखडे, त्यांत लाल रंग, पांढरा रंग, रिक्षाचा पिवळाही. खाली इंडिकेटरच्या केशरी काचा. बसथांब्याची शेड रिकामी, आणि एक बाई भर उन्हात लांब विजेच्या खांबामागे उभ्या.

“मावशी, सावली तिकडे आहे,” एक मुलगा म्हणाला.

“तिथं कोण उभं राहतंय बाबा? गाड्या तिथंच घुसतात. बस दिसली की पळते मी.”

मुलांनी टेप लावून शेडची जागा मोजली आणि लॅपटॉपवरच्या आलेखाशी ताडून पाहिली. खूण बरोबर शेडसमोर! शेड हलवा, वळणाआधीच वेग कमी होईल असं काही करा, असं पत्र आम्ही दिलं. वळणाचा फलक लागला. शेड अजून तिथंच आहे.

आणि चौकातले ते वाढदिवसाचे फ्लेक्स! ते आधी काढा. आपल्या मानकांत चालकाला भान येऊन ब्रेक दाबायला अडीच सेकंदं धरतात. ताशी ६० च्या वेगात तेवढ्यात गाडी ४२ मीटर पुढे जाते. फ्लेक्समागून मूल धावत आलं तर?

हां, या सॉफ्टवेअरचं गणित अमेरिकेतल्या रस्त्यांवरून बसवलेलं आहे. आपल्या दुचाक्या, रिक्षा, रस्त्याच्या कडेनं चालणारी माणसं त्यात नाहीत. म्हणून इथल्या अपघातांच्या नोंदी घालून ते जुळवून घ्यावं लागतं. तुमच्या भागात नवा रस्ता किंवा उड्डाणपूल येत असेल, तर नगरसेवकाला एवढंच विचारा: आराखड्याचं सुरक्षा ऑडिट झालंय का? झालं असेल, तर अहवाल मागा.