आठव्या दिवसाच्या आत

(दृश्य : भल्या सकाळी इमारतीची गच्ची. कोपऱ्यात पाण्याचं पिंप. आत टॉर्चचा झोत.)

टॉर्चचा उजेड पडला आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी लोंबकळणाऱ्या बारीक रेघा वळवळत तळाशी पळाल्या. डासांच्या अळ्या. स्वच्छता निरीक्षक बाई हलत नाहीत. श्वास घ्यायला अळीला पुन्हा वर यावंच लागतं, हे त्यांना ठाऊक आहे. मिनिटभराने रेघा वर येतात, लांब दांड्याच्या पांढऱ्या पळीत सापडतात आणि वहीत एक आकडा चढतो. १०० घरं तपासली तर अळ्या असलेली भांडी किती? या हिशेबाला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. डेंगीची साथ येऊ घातली आहे का, याचा अंदाज रुग्ण दिसण्याआधी इथूनच बांधता येतो.

पिंप उपडं केलं की काम संपलं, असं आम्हाला वाटलं. बाईंनी घासणी मागितली. डेंगी पसरवणारा एडिस डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवतो. भांडं कोरडं पडलं तरी ती काही महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं, की अळी तयार. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करा, घासा, असं सगळीकडे सांगतात ते म्हणूनच.

स्वच्छता निरीक्षक म्हणजे कचऱ्यामागे फिरणारा माणूस, असा आपला समज असतो. दिवसभर त्यांच्या मागोमाग हिंडताना आम्हाला मात्र त्या घड्याळांवर लक्ष ठेवणाऱ्या वाटल्या. गच्चीवर आठ दिवसांचं घड्याळ. पाण्याच्या टाकीवर अर्ध्या तासाचं.

(दृश्य : पाणीपुरवठ्याचं शेवटचं टोक. रस्त्याकडेचा नळ.)

क्लोरीन घातला म्हणून जंतू लगेच मरत नाहीत, त्याला निदान ३० मिनिटं द्यावी लागतात. त्यानंतरही वाटेत एखादा गळका जोड गटाराचं पाणी आत ओढू शकतो. त्या संकटासाठी थोडा क्लोरीन शिल्लक राहायला हवा, नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम. तो तपासायचा तर सगळ्यात लांबच्या नळावर. टाकीशेजारी तपासणी केली तर कागद छान दिसतो, एवढंच.

जीवाणू तपासणीसाठीची बाटली वेगळी असते. निर्जंतुक केलेली, आणि तिच्यात आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट. ते कशासाठी? नमुन्यातला क्लोरीन निष्प्रभ करायला. नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो बाटलीतल्या जंतूंना मारत राहील आणि घाण पाणी स्वच्छ ठरेल! बर्फाच्या पेटीत बाटली ठेवली, की २४ तासांचं आणखी एक घड्याळ सुरू. नमुना त्याआधी पोचलाच पाहिजे.

(दृश्य : मोठं सार्वजनिक स्वयंपाकघर.)

निरीक्षक येण्याआधी त्यांच्या येण्याची बातमी पोचते. फरशी ओली, सगळ्यांच्या डोक्यावर कोऱ्या टोप्या. बाई फरशीकडे बघतसुद्धा नाहीत. थेट हात धुण्याच्या बेसिनशी जातात. साबणाची वडी खडखडीत कोरडी, कडेला तडे गेलेले. सकाळपासून इथं कोणी हात धुतलेले नाहीत.

मग थर्मामीटर निघतो. थंड करायला ठेवलेल्या खोल पातेल्यात अन्न वरून निवलेलं वाटतं, पण मध्यभागी ४२ अंश. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. अनुकूल परिस्थितीत काही जीवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात. तो वेग टिकला तर सात तासांत एकाचे वीस लाखांवर.

“नोटीस काढणार का, मॅडम?”

“आज हात धुण्याची आणि थंड करण्याची तेवढी लेखी सूचना देते. हे अन्न टाकून द्या. पुढच्या वेळी उथळ ट्रेमध्ये पसरून थंड करा. परवा येते, न सांगता.”

कुलूप लावायचा अधिकार कायद्याने दिलेला असतो आणि काही ठिकाणी तो वापरावाच लागतो. पण ज्यांना फक्त भीती वाटते, ते आजारी कामगारही लपवतात, असं आमचं मत झालं.

(दृश्य : जुन्या बंदर-शहराची रेखाचित्रं.)

हे पद तसं जुनं आहे. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलने १८४४ मध्ये थॉमस फ्रेश यांना ‘उपद्रव निरीक्षक’ नेमलं. हजारो माणसं तेव्हा त्या शहरात तळघरांत राहत होती. १८४७ मध्ये डॉ. विल्यम डंकन आरोग्याधिकारी झाले, जेम्स न्यूलँड्स अभियंता. शहर सुधारल्याचं श्रेय बहुतेकदा या दोघांना मिळतं. गल्लीबोळ तुडवणारे फ्रेश मागे पडले. गंमत अशी, की जवळच्या फ्रेशफील्ड या गावाच्या नावात ते उरले आहेत, पण ते नाव ताज्या हिरव्या शेतांवरून पडलं असावं असंच कोणालाही वाटेल.

(दृश्य : पुन्हा तीच गच्ची. सातवा दिवस.)

पिंप घासून उपडं ठेवलंय. टाकीच्या हवेच्या नळीला जाळी बांधलीय. घरमालक आजोबा अभिमानाने दाखवतात, “बघा मॅडम, थेंब नाही कुठे.”

बाई हसतात, वहीत खूण करतात. जाता जाता जिन्यापाशी थबकतात. पिंपाचं झाकण उलटं पडलंय, त्यात बोटभर पावसाचं पाणी. त्या खाली वाकतात, टॉर्च लावतात आणि थांबतात.