शेवटचा अंक कोण ठरवतं?

मित्रहो, गोदाकाठी व्याख्यानं ऐकत वाढलेल्या श्रोत्यांपुढे सुपरहिरोंच्या कॉमिक्सचा विषय काढला, की पहिल्या दोन रांगा जरा अस्वस्थ होतात. होऊ द्या. पंचवटीत कुणालाही विचारा, रामकथा कुठे संपते? बहुतेक जण राज्याभिषेक सांगतील. उत्तरकांड त्यांना ठाऊक नसतं असं नाही. सीता भूमीत गेली, राम शरयूत उतरले, सगळं ठाऊक असतं. तरी कथा कुठे थांबवायची, हे ऐकणाऱ्यानं आपल्यापुरतं ठरवलेलं असतं.

अमेरिकी कॉमिक्सचे वाचक हेच करतात, फक्त आरडाओरडा करून.

सुपरमॅन १९३८ पासून चालू आहे. लेखक गेले, चित्रकार गेले, तो आहेच. १९८६ मध्ये प्रकाशकांनी त्याची कथा पहिल्यापासून मांडायचं ठरवलं, तेव्हा जुन्या सुपरमॅनला निरोप देण्यासाठी ॲलन मूर यांनी दोन अंकांची गोष्ट लिहिली आणि कर्ट स्वान यांनी ती चितारली. कितीतरी वर्षं सुपरमॅन काढलेला हात तो. त्यानंतर लगेच नवा सुपरमॅन बाजारात आला, पण अनेक जुन्या वाचकांचा सुपरमॅन त्या दोन अंकांतच संपला. त्यांनी तसं ठरवून टाकलं.

आता रागाचं बोलू. वाचक पात्राच्या मृत्यूवर चिडतात असा समज आहे. तो अर्धाच खरा. १९७३ मध्ये स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून पडून गेली, तेव्हा पत्रांतून संताप आलाच. तिला वाचवायला सोडलेल्या जाळ्याच्या झटक्यानंच तिची मान मोडली का, यावर वाद झाला आणि पत्रोत्तरांच्या पानावर संपादकांना खुलासा करावा लागला. पण तो अंक आज वाचक डोक्यावर घेतात. १९८८ मध्ये तर बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जगावा की मरावा हे फोनवर मतदान घेऊन ठरवलं. मरावा ५,३४३, जगावा ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं! आमच्या नगरसेवकाच्या निवडणुकीतही याहून जास्त फरक असतो. (हशा) पुढे तोही परत आलाच म्हणा.

खरा राग आला तो २००७ मध्ये, स्पायडरमॅनच्या ‘वन मोअर डे’ या कथेवर. मे काकूला गोळी लागलेली. तिचा जीव वाचावा म्हणून तिचा पुतण्या पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅनच, आणि त्याची बायको मेरी जेन मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करतात, आणि त्या सौद्यात त्या दोघांचं लग्नच पुसलं जातं. घटस्फोट नाही, मृत्यू नाही; झालंच नव्हतं! १९८७ पासून वाचलेला संसार एका सहीसरशी रद्द. लेखक स्ट्रॅझिन्स्की यांचंही शेवटावरून संपादकांशी पटलं नव्हतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मला वाचकांचा हा राग रास्त वाटतो. पात्र मारलं तर माझं वाचणं शिल्लक राहतं. घडलेलं घडलंच नाही म्हटलं, तर माझी वीस वर्षंही खोटी ठरतात. त्यामुळे त्या लग्नापाशीच आपला स्पायडरमॅन थांबवणारे वाचक आजही भेटतात.

‘इन्व्हिन्सिबल’ची गोष्ट वेगळी. ती सुपरहिरो मालिका लेखक रॉबर्ट कर्कमन आणि चित्रकारांच्या स्वतःच्या मालकीची. २००३ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये, आधी सांगून-सवरून, १४४व्या अंकाला संपली. त्या शेवटावरही वाद घालता येतो, पण तो शेवट आहे हे तर कुणी नाकारत नाही.

आणि आपण? १९६४ मध्ये सुरू झालेलं इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद पडलं. मराठीतून वेताळ, म्हणजे फँटम, आणि जादूगार मँड्रेक वाचणाऱ्या पोरांना ना निरोपाचा अंक मिळाला, ना रागावण्याजोगा शेवट. वाईट शेवटावर निदान भांडता तरी येतं. इथे भांडायचं कशावर? म्हणून आमच्या पिढीतले लोक अजून रद्दीच्या दुकानांतून अंक जमवत असतात, आणि जो हाती लागेल तो त्यांचा शेवटचा.

असो. प्रश्नांना वेळ ठेवलाय. ‘वन मोअर डे’ मनापासून आवडलेलं कुणी सभागृहात असेल तर पहिला प्रश्न त्यांनी विचारावा. मला त्यांचं ऐकायचंय.