ब्रिटनमध्ये प्राध्यापकांचा संप: लेक्चर बुडतं, पण खरा प्रश्न निकालाचा

नमस्कार मंडळी! ब्रिटनमध्ये शिकताय आणि युनिव्हर्सिटीचा ईमेल आला, ‘पुढच्या आठवड्यात संपामुळे काही तास होणार नाहीत.’ काही म्हणजे नेमके कोणते? ते युनिव्हर्सिटीलाही ठाऊक नसतं. संघटनेला आधी नोटीस द्यावी लागते, पण ‘मी संपावर जाणार’ हे एकेका प्राध्यापकाने आगाऊ सांगायचं बंधन नाही. त्यामुळे वर्गाच्या दारापर्यंत जाऊनच कळतं.

तिथल्या प्राध्यापकांची मोठी संघटना म्हणजे यूसीयू. 2018मध्ये पेन्शनवरून त्यांनी 14 दिवस संप केला. तास बुडाले, पण अशा वेळी बऱ्याचदा न शिकवलेला भाग परीक्षेतून वगळतात. म्हणजे पेपर निभावतो, विषय मात्र कच्चाच राहतो.

माझ्या मते त्याहून जास्त झळ बसते ती पेपर तपासणीवरच्या बहिष्काराची. 20 एप्रिल ते 6 सप्टेंबर 2023 या काळात 145 युनिव्हर्सिट्यांमध्ये तो पुकारला होता. तास चालू, लायब्ररी चालू, सगळं नेहमीसारखं. फक्त तपासणी बंद! डिझर्टेशन, म्हणजे प्रबंध, वेळेत जमा करूनही मार्कांचा पत्ता नाही. काहींनी गाऊन घातला, घरच्यांसोबत फोटो काढले, आणि पदवीचा क्लास ठरलेलाच नव्हता. आता नोकरीची ऑफर ‘टू-वन (म्हणजे दुसऱ्या वर्गातला वरचा दर्जा) मिळाला तर’ या अटीवर असेल, तर कंपनीला दाखवणार काय?

आपल्या मुलांना इथे आणखी एक ठेच लागते, व्हिसाची. शिक्षणानंतर तिथे राहून नोकरी करायला लागणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच आणि स्टुडंट व्हिसा संपायच्या आत करायचा असतो. त्याआधी कोर्स पूर्ण झाल्याचं युनिव्हर्सिटीने गृहखात्याला कळवावं लागतं. निकालच अडला तर? 2023मध्ये गृहखात्याने यात सवलत दिली होती, पण दर वेळी देतीलच असं धरून चालू नका. व्हिसाची तारीख जवळ येत असेल तर युनिव्हर्सिटीच्या व्हिसा ऑफिसला आजच ईमेल टाका.

आणि हो, संपाला पाठिंबा म्हणून चालू असलेल्या तासाला दांडी मारलीत, तर ती तुमची गैरहजेरी धरली जाऊ शकते. स्टुडंट व्हिसावर असाल तर हे अंगाशी येऊ शकतं. पाठिंबा जरूर द्या, त्याला दुसरेही मार्ग आहेत.

फीचं काय? ती आपोआप परत मिळत नाही. रागाने हप्ता थांबवू नका, उलट तुमच्यावरच कारवाई होईल. संपकऱ्यांचा पगार मात्र कापला जातो. तपासणीच्या बहिष्कारात तर शिकवत असूनही काही ठिकाणी अर्धा, काही ठिकाणी पूर्ण कापला. तो वाचलेला पैसा गेला कुठे, हे विद्यार्थ्यांनी युनिव्हर्सिटीला खुशाल विचारावं. 2018मध्ये काही युनिव्हर्सिट्यांनी तो विद्यार्थ्यांसाठीच्या निधीत टाकला होता.

भरपाई हवी असेल तर पहिली तक्रार युनिव्हर्सिटीकडेच, लेखी. ‘संपामुळे नुकसान झालं’ एवढं मोघम लिहून भागणार नाही. कोणता मॉड्यूल, कोणत्या तारखेचे तास, बदली काय दिलं, तुमचं काय अडलं, सगळं मांडा. तिथे दाद लागली नाही तर ‘कम्प्लीशन ऑफ प्रोसीजर्स’ नावाचं, युनिव्हर्सिटीतली तक्रार प्रक्रिया संपल्याचं पत्र मागून घ्या. इंग्लंड किंवा वेल्समध्ये असाल तर ते पत्र घेऊन ओआयए या स्वतंत्र लवादाकडे जाता येतं. विद्यार्थ्याला एक पैसा लागत नाही, मुदत पत्राच्या तारखेपासून 12 महिने. स्कॉटलंडमध्ये हे काम तिथल्या लोकपालांकडे आहे.