लोकर आटवू या, मुद्दाम

नमस्कार श्रोतेहो. लोकर गरम पाण्यात टाकायची नाही हे घरोघरी माहीत असतं, आज मी नेमकं उलटं सांगणार आहे. लोकरीचं विणकाम गरम पाण्यातच टाका, साबण घाला आणि चांगली घुसळा. ह्याला फेल्टिंग म्हणतात. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, पाण्यात घुसळताना ते एकमेकांत अडकत जातात, विणकाम आटून जाड होतं, टाके दिसेनासे होतात आणि मग कात्री लावली तरी उसवत नाही. सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात पझीरिकच्या थडग्यांत दोन हजार वर्षांहून जुन्या, लोकरीच्या फेल्टच्या वस्तू बर्फात टिकून राहिलेल्या सापडल्यात, इतकी ही कला जुनी.

फक्त लोकर शुद्ध हवी. ऍक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा, आटत नाही, आणि ज्या लोकरीवर सुपरवॉश लिहिलेलं असतं तिच्या खवल्यांवर प्रक्रिया केलेली असते, तीही आटत नाही. लेबल वाचा, परत सांगते, लेबल वाचा.

माझ्या मावशीकडे असेच लेबल हरवलेले लाल गुंडे होते आणि जोडीला साधी राखाडी लोकर. तिने जाड सुयांवर, सैल टाके घालून, एक पट्टा राखाडी एक पट्टा लाल अशी टोपली विणली, ती एवढी ढगळ झाली की घरातले सगळे विचारायला लागले हे नक्की काय आहे. मावशी काही बोलली नाही. उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधलं, घासायला सोबत जुनी जीन्स टाकली, मशीन गरम पाण्यावर लावलं आणि स्वतः शेजारी उभी, दर पाच मिनिटांनी मशीन थांबवून बघायची. राखाडी मस्त आटत होती पण लाल जशीच्या तशी! ती सुपरवॉश निघाली. मग राखाडी पट्टे आवळले तसे मधले लाल पट्टे जागा नाही म्हणून बाहेर फुगले, झालर लावावी तसे. माझा मावसभाऊ म्हणाला, आई, उसवून टाक. ती म्हणाली, अरे उसवू कुठून, धागा राहिलाय कुठे आता! तिने टोपली पालथ्या पातेल्यावर चढवली, हाताने ओढून ओढून आकार दिला आणि वाळेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. काय सुंदर दिसते ती टोपली, कशाच्या आधाराशिवाय उभी राहते, आणि आता मावशी मुद्दाम सुपरवॉशचे पट्टे घालते.

सुरुवात गरम भांड्याखाली ठेवायच्या चौकोनाने करा. लोकर सहज पेटत नाही, वितळतही नाही, ऍक्रिलिक मात्र उष्णतेने वितळतं, म्हणून इथे मिसळीचा धागा अजिबात नको. चौकोन दुहेरी जाडीचा केलात तर जास्त चांगला.

आणि आधी छोटा तुकडा आटवून बघा, विसरू नका, आधी छोटा तुकडा! बहुतेक वेळा लांबी रुंदीपेक्षा जास्त आटते, म्हणून चौकोन हवा असेल तर विणताना उभा लांबट ठेवायचा. तुकडा धुवायच्या आधी पट्टीने मोजा, वाळल्यावर परत मोजा आणि त्या हिशोबाने मोठ्या वस्तूचे टाके घाला.