पट, हजेरी आणि बोटावरची शाई

नमस्कार श्रोतेहो.

२०११ सालचा दसरा ६ ऑक्टोबरला होता. त्याआधीचे तीन दिवस, ३, ४ आणि ५ ऑक्टोबर, महाराष्ट्रभर सरकारी माणसं शाळाशाळांत जाऊन पोरं मोजत होती. घरोघरी घट बसलेले, बाजारात झेंडूचे ढीग, आणि शाळेच्या व्हरांड्यात शाईची बाटली घेऊन बसलेलं पथक. ती पटपडताळणी, म्हणजे पटावर नाव आहे तेवढी पोरं खरंच आहेत का ते बघणं. मी तेव्हा तलाठी होतो. दोन शाळा आमच्या पथकाकडे होत्या.

पोरं मोजायला एवढी फौज कशाला, असं तेव्हाही पुष्कळांनी विचारलं. पण शाळेच्या पटावरचं एक नाव आपल्यामागे काय काय ओढून आणतं ते बघा. पोषण आहाराचा तांदूळ येतो, पहिली ते पाचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम, सहावी ते आठवीच्या पोराला १५० ग्रॅम. फुकट पुस्तकं येतात. गरीब घरच्या मुलींचा उपस्थिती भत्ता येतो, दिवसाला एक रुपया. शिवाय शिक्षकांची पदं पटावरच मंजूर होतात. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टावं नाव लागलं की तिसरा. म्हणजे त्या एका नावावर एक अख्खा पगार उभा राहतो. आता पन्नास नावं खोटी धरा. नुसता तांदूळ रोजचा पाच किलो. शाळेचे दोनशे दिवस धरले तर वर्षाला दहा क्विंटल. हे धान्य कुणाच्या तरी ताटातलं असतं, श्रोतेहो. ते हवेतून येत नाही.

सुरुवात नांदेडपासून झाली. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी आधी परीक्षेतल्या कॉपीविरुद्ध मोहीम चालवली होती, मग पटाला हात घातला. शाळांत अचानक माणसं पाठवून पोरं प्रत्यक्ष मोजली. तिथं जे दिसलं त्यावरून राज्यभर मोजणी करायचं ठरलं. मोजलेल्या पोराच्या बोटाला मतदानासारखी शाई लावायची. कारण उघड होतं. या शाळेतली पोरं जीपमध्ये घालून त्या शाळेत नेऊन बसवायची, ही युक्ती सगळ्यांना ठाऊक होती.

आमची पहिली शाळा चोख निघाली. पटावर जेवढी नावं, दोन-चार सोडून तेवढी पोरं. दुसरीतल्या एका मुलीनं बोट पुढं केलं, शाईकडे बघितलं आणि विचारलं, "दसऱ्याला जाईल का हो ही? मला सोनं द्यायला जायचंय." मी म्हणालो, "राहू दे बाळा, तू आहेस याची खूण आहे ती."

दुसऱ्या शाळेत मात्र वर्गात शिरल्याबरोबर कळलं. बाकं चकचकीत, त्यांवर पोरांनी कोरलेलं एकही नाव नाही. हजेरीचं पुस्तक मागितलं. महिन्याच्या पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत एकाच पेनानं, एकाच हातानं ओढलेल्या हजेरीच्या खुणा. ना कुणी तापानं आजारी, ना कुणी मामाच्या गावाला गेलेलं. तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ कागद पाहिले. खरी हजेरी नेहमी थोडी फाटकी-तुटकी असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा असतो. ज्या पुस्तकात पोळाच दिसत नाही, ते पुस्तक टेबलावर बसून भरलेलं असतं. मग तांदळाची साठा नोंदवही उघडली. तिच्यात दर दिवशी पूर्ण पटाचा तांदूळ शिजलेला. चूल मात्र एकच, आणि पातेलंही एकच, चाळीस पोरांना पुरेल एवढं.

राज्यभरात सुमारे २० लाख नावं अशी निघाली, ज्यांच्यासमोर पोर उभं नव्हतं. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, कारवाई बरीच वर्षं रेंगाळली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. मोजणी तीन दिवसांत होते आणि वसुली दहा वर्षांत होत नाही, तेव्हा चोरी करणाऱ्याला नेमकं काय शिकायला मिळतं?

असंच काम फार आधी राजस्थानात झालं होतं, तेही सरकारी हुकमाशिवाय. पाली जिल्ह्यात कोट किराना गावी २ डिसेंबर १९९४ रोजी मजदूर किसान शक्ती संघटनेनं जनसुनावणी घेतली. सरकारी कामांचे कागद गावापुढे मोठ्यानं वाचले गेले. ज्यांच्या नावानं पैसा खर्ची पडला होता तीच माणसं समोर बसलेली. पुढे माहितीचा अधिकार आला, तो अशाच सभांतून वर आलेल्या मागणीवर. आज रोजगार हमीच्या कामांचं सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावासमोर होणारी हिशेबतपासणी, ग्रामसभेपुढे करणं कायद्यानंच बंधनकारक आहे. आपल्या गावात ते होतं का, आणि झालं तर हजेरीपट वाचून दाखवतात की नुसत्या सह्या घेतात, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. शाळेपुरतं म्हणाल तर शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात, तुमच्याआमच्यासारखे. त्यांनी महिन्यातून एकदा दुपारच्या सुट्टीत जावं, ताटं मोजावीत आणि मग साठा नोंदवही बघावी. या क्रमानंच. आधी वही पाहिली की डोळे तिच्याच आकड्याला शोधत बसतात. नोंदवही दाखवायला कुणी नकार दिला तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज, आणि तीस दिवसांत उत्तर.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची आहे. पहिल्या शाळेत जी दोन-चार पोरं कमी निघाली, त्यांतला एक मुलगा माझ्या मनातून गेला नाही. मुख्याध्यापक कळवळून म्हणत होते, "भाऊसाहेब, पोरगा खरा आहे हो, आज शेरडांमागे गेलाय." पण नियम असा की बोटाला शाई नाही तर पोर नाही. मी गैरहजर लिहिलं. राज्यातल्या त्या २० लाखांत असेही कितीतरी होते. कुणी रानात, कुणी लहान भावंडाला सांभाळत घरी. गैरहजर आणि बोगस हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आकडे जाहीर करताना ते एक झाले.

संध्याकाळी परतताना मी मोटारसायकल वस्तीकडे वळवली. पोरगा शेरडं कोंडत होता. नाव विचारलं, वर्ग विचारला, पाठ्यपुस्तकातली एक कविता म्हणायला लावली. अर्धी म्हणाला आणि लाजून थांबला. घरी येऊन प्रपत्र काढलं. त्यात याच्यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहिलं, "मुलगा वस्तीवर प्रत्यक्ष पाहिला", आणि खाली सही केली.