हिरव्या अक्षरांतल्या फाइली

(दृश्य: कॉम्प्युटरचा उघडलेला कॅबिनेट. टॉर्चचा उजेड मदरबोर्डवरून सरकतो.)

बटण दाबलं. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

प्रोसेसरशेजारच्या या नळकांड्यांची डोकी बघा. ती सपाट असायला हवीत. इथं तीन फुगलीत, एकीतून तपकिरी राळ बाहेर आलीय. कपॅसिटर गेले, त्यांच्याबरोबर मदरबोर्डही गेला.

हार्ड डिस्कचं नशीब मात्र बोर्डाला बांधलेलं नसतं.

(दृश्य: स्क्रू निघतात, डिस्क तळहातावर येते. मग मोबाइलवर टिपलेलं, हलणारं चित्रण.)

हे चित्रण मालकीणबाईंचं. डिस्क त्यांनी दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून पाहिली. फोल्डर दिसतात, नावं दिसतात, पण नावांचा रंग हिरवा. उघडायला गेलं की 'ॲक्सेस डिनाइड'. कुणीतरी सांगितलं, फोल्डरची मालकी स्वतःच्या नावावर करून घ्या. तेही केलं. फरक शून्य.

पडणार कसा? परवानगी म्हणजे दारावरचा पहारेकरी. तो बाजूला झाला तरी आतली तिजोरी बंदच राहते. हिरवं नाव म्हणजे ती फाइल ईएफएसनं, म्हणजे विंडोज २००० पासून चालत आलेल्या, फाइलींना कुलूप घालणाऱ्या सोयीनं, एन्क्रिप्ट केलेली आहे; किल्लीशिवाय ती वाचता येत नाही. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एक टिक करायची, बस. इतकं सोपं, की बऱ्याच वर्षांपूर्वी केलेली ती टिक त्यांच्या लक्षातही नव्हती.

(दृश्य: टेबलावर डिस्क. आवाज मोठा केलेला. घरघर, मध्येच 'टक्'.)

ऐकलंत? हा 'टक्' बरा नव्हे. म्हणून आता या डिस्कवर फाइली शोधत बसायचं नाही. आधी तिची हुबेहूब नक्कल घ्यायची, तीही राइट ब्लॉकर लावून, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. आणि फाइली कॉपी करून भागत नाही. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा. सेक्टरमागून सेक्टर, कुलपासकट सगळं जसंच्या तसं उचलायचं.

(दृश्य: काळा पडदा, सरकणारे आकडे. खिडकीतला उजेड बदलत जातो.)

हा डीडीरेस्क्यू, बिघडलेल्या डिस्कची नक्कल घेणारा प्रोग्राम. याची रीत एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखी: सोपे प्रश्न आधी, अडलेले मागाहून. जिथं डिस्क अडखळते तो भाग सोडून पुढं जायचं, आणि शेवटी त्या जागांवर बारीक बारीक तुकड्यांनी परत यायचं. सगळी नोंद एका नकाशा-फाइलीत राहते. अधिकचं चिन्ह म्हणजे वाचलं, वजाचं म्हणजे गेलं, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हात लावलेला नाही. वीज गेली तरी काम तिथूनच पुढं सुरू होतं.

सगळं लक्ष त्या वजाच्या चिन्हांवर. कारण किल्लीही याच डिस्कवर आहे.

(दृश्य: कागदावर पेन्सिलीनं काढलेल्या चार चौकटी, एकमेकींत.)

प्रत्येक फाइलीला स्वतःची वेगळी किल्ली असते. ती फाइलीलाच चिकटलेली, पण बंद. ती उघडते वापरकर्त्याच्या खासगी किल्लीनं. खासगी किल्ली असते त्याच्या प्रोफाइलमधल्या लपलेल्या फोल्डरात, आणि तिला कुलूप असतं मास्टर कीचं. मास्टर की उघडते लॉगिनच्या पासवर्डनं. खासगी किल्ली आणि मास्टर की, दोन्ही 'यूझर्स' फोल्डरात, किलोबाइट-दोन किलोबाइटच्या फाइलींत. लोक घाईघाईनं विंडोज नव्यानं घालतात ना, तेव्हा नेमकं हेच पुसलं जातं. फोटो जपून ठेवतात आणि किल्ली केरात!

पासवर्ड विसरला म्हणून बाहेरच्या टूलनं तो रीसेट करणं हीसुद्धा तशीच आत्महत्या. लॉगिन होतं, साखळी तुटते.

(दृश्य: पडद्यावर ४८ रिकाम्या चौकटी.)

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचंच दुसरं कुलूप, असता तर गोष्ट निराळी. तो अख्खी डिस्कच बंद करतो आणि त्याची किल्ली बहुधा मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपशी, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपशी, जखडलेली असते. बोर्ड मेला की हाती उरतात रिकव्हरी कीचे ४८ अंक. कुठंच लिहून ठेवले नसतील, तर पुढचं चित्रण करण्यासारखं काही राहत नाही.

(दृश्य: नक्कल उतरवलेली नवी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये. दोनदा रीस्टार्ट. मग ओळखीचा वॉलपेपर, लॉगिनची चौकट.)

विंडोज परक्या अंगात जागं झालं. नवा बोर्ड पाहून जरा गोंधळलं, ड्रायव्हर शोधत बसलं, पण आलं.

आता पासवर्ड.

(दृश्य: मालकीणबाईंचे हात कीबोर्डवर. पडद्याकडे बघत नाहीत.)

सांगता येत नव्हता. बोटांना येत होता. पहिला प्रयत्न चुकला. मग कीबोर्ड थोडा जवळ ओढला.

(दृश्य: निवेदन नाही. डेस्कटॉप उघडतो. हिरव्या नावावर डबल क्लिक. त्यांचा चेहरा.)

काही फाइली खराब सेक्टरांवर होत्या, त्या आल्या नाहीत.

(दृश्य: सर्टिफिकेट एक्सपोर्टची खिडकी. पीएफएक्स फाइल पेन ड्राइव्हवर उतरते.)

ही खिडकी नीट बघून घ्या. खासगी किल्ली सर्टिफिकेटासकट, म्हणजे तिच्या ओळखपत्रासकट, एका पीएफएक्स फाइलीत बाहेर काढता येते, तिला वेगळा पासवर्ड लावता येतो. पहिली फाइल एन्क्रिप्ट केली की विंडोज स्वतःच कोपऱ्यात सूचना दाखवतं: किल्लीचा बॅकअप घ्या. आपण तिच्यावरची फुली दाबतो.

(दृश्य: पेन ड्राइव्हवर कागदाची पट्टी चिकटवली जाते. शाई अजून ओली.)