वाकलेली कंबर आणि ओझ्याचे अंतर

श्रोतेहो, नमस्कार.

मराठवाड्यात दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी जोरात आली की संध्याकाळी घरोघरी कंबर धरल्याची तक्रार ऐकू येते, आणि दोष बहुतेक वेळा ओझ्याला दिला जातो. शरीराच्या हालचालींचे शास्त्र मात्र ओझे किती होते, याबरोबरच ते कण्यापासून किती अंतरावर होते, हेही विचारते.

कमरेचे मणके सावरणारे स्नायू मणक्यांच्या मध्यापासून जेमतेम 5 ते 6 सेंटिमीटर मागे असतात, तर वाकून हातात धरलेले ओझे सहज 40 सेंटिमीटर पुढे असते. त्यामुळे 20 किलोचे पोते एवढ्या अंतरावर तोलताना या स्नायूंना सुमारे आठपट, म्हणजे 160 किलोच्या जोराने ओढावे लागते. तेच पोते पोटाजवळ, 25 सेंटिमीटरवर आणले तर 100 किलोत भागते. यात धड, डोके आणि हात यांचे वजन धरलेले नाही, आणि ते शरीराच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त असते. रिकाम्या हातांनी वाकलेली बाईसुद्धा ओझेच पेलत असते, ते असे.

गुडघ्यात वाकून ओझे उचला, हा सल्ला आपण नेहमी ऐकतो. तो अर्धाच बरोबर आहे, असे मला वाटते. पोते दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये मावत असेल तर ठीक. पण कापसाचे फुगलेले गाठोडे गुडघ्यांच्या पुढेच राहते, अंतर वाढते आणि पाठीवरचा भार कमी होण्याऐवजी वाढू शकतो.

याहून कमी परिचयाची गोष्ट खुरपणीत घडते. माणूस उभ्याने पूर्ण वाकला की पाठीचे स्नायू जवळजवळ स्वस्थ होतात आणि भार मणक्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांवर जातो. म्हणूनच तशा वाकलेल्या अवस्थेत बराच वेळ काम करणे जमते. मात्र ताणाखाली राहिलेले अस्थिबंध हळूहळू सैलावतात, आणि माणूस उभा राहिला तरी ते लगेच पूर्वस्थितीत येत नाहीत. दिवसभर वाकून झाल्यावर, निघायच्या घाईत गाडीत पोती चढवण्याचे काम नेमके याच वेळी येते. पोत्याला हात घालण्यापूर्वी काही वेळ सरळ उभे राहावे, थोडे चालावे, हे त्यामुळे शहाणपणाचे.

आता डोक्यावरच्या ओझ्याकडे वळू. चुंबळीवर ठेवलेली घागर कण्याच्या रेषेतच असल्याने पुढे ओढणारे अंतर जवळपास उरत नाही. केनियातील डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या स्त्रियांच्या चालीची मोजणी 1986 मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतःच्या वजनाच्या सुमारे 20 टक्क्यांपर्यंतचे ओझे त्या जादा ऊर्जा न खर्चता नेत होत्या. 50 किलो वजनाच्या स्त्रीसाठी हे ओझे 10 किलोचे होते. बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या मजूर स्त्रियांची मोळी याच्या कितीतरी पुढे असते, आणि ती घेऊन त्यांना फळीवरून ट्रकवर चढायचे असते. केनियातील मोजणी सपाटीवरच्या चालण्याची होती. चढताना मोळीतला प्रत्येक किलो स्नायूंच्या बळावर वर न्यावा लागतो, आणि तेथे चालीच्या कोणत्याही कसबाने ते कष्ट टळत नाहीत.

नमस्कार.